डावीकडे टीएमसी, उजवीकडे टक्के

नगर जिल्ह्यात तालुके चौदा आणि एक्सेलच्या पेटीत मूळ रंग सहा. आलेखांच्या बाबतीत या जिल्ह्याचे जे हाल होतात, त्यांची सुरुवात या साध्या वजाबाकीतून होते. चौदा तालुक्यांचा पाऊस एकाच आलेखात दाखवायचा म्हटले की पहिले सहा तालुके आपापला रंग घेऊन ऐटीत उभे राहतात आणि सातव्यापासून उसनवारी सुरू होते. सातव्याला पहिल्याचाच रंग, जरा गडद करून. तेराव्याला पुन्हा तोच, आणखी एका छटेत. यादी अकोले, संगमनेर, कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, नेवासा अशी लावली तर सातवे येते शेवगाव आणि पाथर्डी, नगर, राहुरी, पारनेर, श्रीगोंदा ओलांडून तेरावे येते कर्जत. म्हणजे पावसाळ्यात धुक्याबाहेर तोंड न काढणारे अकोले आणि पाऊस आला तर त्याला पाहुण्यासारखी बसायला जागा देणारे कर्जत ही एकाच निळ्या घराण्यातली भावंडे ठरतात. पुढे हा आलेख कार्यालयातल्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर छापला जातो, त्याच्या झेरॉक्स निघतात आणि उरलासुरला भेदही मिटतो. ज्या जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या जिल्ह्यात समता शेवटी टोनरने आणली.

यावर कोणी म्हणेल की हा रंगांचा प्रश्न आहे, रंग वाढवले की सुटेल. सुटणार नाही. रंग हे लक्षण आहे, दुखणे दुसरीकडे आहे. अनेक रेघा एका आलेखात बसवणे ही आपण निव्वळ सोय समजतो. चार कागदांचे काम एका कागदात झाले, तेवढाच कागद वाचला, असा आपला भाव असतो. प्रत्यक्षात त्या क्षणी आपण निवाडा देत असतो. दोन गोष्टी एका पट्टीने मोजता येतात हा पहिला निवाडा, ती पट्टी कुठून सुरू होते आणि कुठे संपते हा दुसरा, आणि कोणाला डावीकडची पट्टी द्यायची, कोणाला उजवीकडची, हा तिसरा. हे तिन्ही निवाडे माउसच्या चार टिचक्यांत होतात आणि त्यावर कोणाची सही नसते. बैठकीत मग सगळे जण रेघांवरून भांडतात. वास्तविक रेघा बिचाऱ्या ठरवून दिलेल्या जागी गेलेल्या असतात. भांडण लावून दिलेले असते ते काठावरच्या आकड्यांनी, ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही. हा दावा तपासायला नगरसारखा जिल्हा नाही. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, सतरा हजार चौरस किलोमीटरचा, गोव्यासारखी चार राज्ये मावून वर जागा उरावी एवढा. एका टोकाला घाटघर-रतनवाडीचा हजारो मिलिमीटरांत मोजायचा पाऊस, दुसऱ्या टोकाला पाचशेच्या आसपास रेंगाळणारा. अशा जिल्ह्याला एका आलेखात बसवणे म्हणजे हत्ती आणि मुंगीचा एकत्र फोटो काढणे. हत्ती पूर्ण घ्यावा तर मुंगी दिसत नाही आणि मुंगी नीट घ्यावी तर हत्तीचा फक्त पाय येतो.

पहिला पुरावा साखर कारखान्याच्या अहवालातून घेऊ, कारण राज्यातल्या सहकारी साखरेचा श्रीगणेशाच या जिल्ह्यात झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीतून प्रवरानगरचा कारखाना १९५० साली सुरू झाला आणि तेव्हापासून गाळप, उतारा, टनेज हे शब्द इथल्या मुलांना पाढ्यांच्या आधी येतात. आता समजा, एखाद्या कारखान्याने दहा हंगामांचे गाळप आणि उतारा एकाच आलेखात टाकला. गाळप आठ लाख टन, उतारा, म्हणजे उसातून निघालेली साखर, अकरा टक्के. एक्सेल दोघांना एकच पट्टी देते, शून्यापासून नऊ लाखांपर्यंत. गाळपाची रेघ वर डोंगरदऱ्या ओलांडत जाते आणि उताऱ्याची रेघ तळाला अशी झोपते की ती रेघ आहे की आलेखाची चौकट, हे भिंग लावून पाहावे लागते. पाहणारा म्हणतो, उताऱ्यात काही हालचाल नाही. पण त्या झोपलेल्या रेघेत काय आहे पाहा. २०२४-२५ च्या हंगामाला एफआरपी, म्हणजे उसाचा ठरवून दिलेला किमान दर, होती १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे जादा. म्हणजे उतारा एका टक्क्याने वर गेला तर टनामागे ३३२ रुपये. शंभर टन ऊस घालणाऱ्याला ३३,२०० रुपये. एवढी रक्कम आलेखाच्या तळाशी, केसाच्या जाडीत, कोणाला न दिसता पडून असते. सभासदाच्या दृष्टीने अहवालातली ती सर्वांत महत्त्वाची रेघ, आणि तीच नेमकी जमिनीला चिकटलेली.

यावरचा उपाय एक्सेलमध्ये तयार असतो आणि तोच पुढच्या सगळ्या पापांचे मूळ आहे. उताऱ्याच्या रेघेवर उजवी टिचकी मारायची आणि तिला दुय्यम अक्ष द्यायचा. नावात दुय्यम असले तरी याच्याइतका कर्तबगार दुसरा कोणी आलेखात नाही. तळाला झोपलेली रेघ ताडकन उठते आणि थेट कळसूबाई चढू लागते. कारण आकडे सगळे एकमेकांच्या जवळ असले, १०.८ ते ११.६ च्या मधले, तर उजवीकडची पट्टी शून्यापासून सुरूच होत नाही. एक्सेल ती दहाच्या वर कुठेतरी सुरू करून देते. मग अर्ध्या टक्क्याची घट कड्यावरून कोसळल्यासारखी दिसते. काल जी रेघ मेली होती तिला आज झटके येत आहेत, आणि मधल्या काळात शेतात, कारखान्यात किंवा उसात काहीही घडलेले नाही. दोन्ही आलेख खरे आहेत, दोन्हींतला प्रत्येक आकडा लेखापरीक्षकाने तपासलेला आहे. पण सत्ताधारी मंडळ पहिला आलेख छापील अहवालात घालील आणि विरोधक दुसरा आलेख सभेच्या दारात वाटतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

हे दुखणे एक्सेलबरोबर आले असे मात्र मुळीच नाही. रेघांच्या आलेखाचा जनक विल्यम प्लेफेअर, काही काळ जेम्स वॉटच्या पदरी नोकरीला असलेला स्कॉटिश गृहस्थ. त्याने १७८६ साली आयात-निर्यातीचे आलेख काढून पुस्तक छापले. त्याच प्लेफेअरने १८२१ मध्ये एक प्रसिद्ध आलेख काढला: १५६५ पासूनच्या अडीचशे वर्षांतला गव्हाचा भाव खांबांनी, चांगल्या कारागिराची आठवड्याची मजुरी रेघेने, आणि वर गादीवर कोण होते त्या राजाराण्यांची रांग. त्याला म्हणायचे होते की मजुरीच्या मानाने गहू आत्ताइतका स्वस्त कधीच नव्हता. पण आलेखात दिसते काय? गव्हाचे उंच उंच खांब आणि त्यांच्या पायाशी गरिबाने चालावे तशी चाललेली मजुरीची रेघ. पाहणाऱ्याला वाटते, अरेरे, केवढा महाग गहू. त्याचा मुद्दा सिद्ध व्हायचा तर एकच रेघ पुरेशी होती: तेवढा गहू घ्यायला किती आठवडे राबावे लागत होते. भागाकार करायचा सोडून त्याने दोन्ही आकडे शेजारी शेजारी उभे केले आणि भागाकार वाचकावर सोपवला. गेली दोनशे वर्षे आढावा बैठकांत आपण हेच करत आलो आहोत. फरक एवढाच की राजाराण्यांच्या जागी आता पालकमंत्र्यांचे फोटो असतात.

मोठ्या घोळाकडे जाण्याआधी दोन-तीन किरकोळ घोळांची नोंद करायला हवी, कारण माणसाच्या आणि यंत्राच्या समजुतीतले अंतर तिथे स्वच्छ दिसते. पहिल्या रकान्यात साल, पुढच्या रकान्यांत तालुके, असा तक्ता करून आलेखाचे बटण दाबले की एक्सेल पुष्कळदा सालालाही आकडेवारीच समजते. मग पावसाच्या रेघांच्या वर, दोन हजारांच्या उंचीवर, एक शांत, निर्व्यसनी रेघ जाताना दिसते. तिचे नाव ‘साल’. ती दरवर्षी न चुकता एकाने वाढते, दुष्काळात वाढते, अतिवृष्टीत वाढते, निर्यातबंदीतही वाढते. जिल्ह्याच्या प्रगतीचा एवढा भरवशाचा निर्देशांक दुसरा सापडणार नाही, तरी डोक्यावरचा एक शब्द खोडून तो चौकोन रिकामा ठेवला की ती नाहीशी होते. दुसरा घोळ ‘निरंक’चा. सरकारी तक्त्यात शून्य लिहिणे कसेतरीच वाटते म्हणून आपण ‘निरंक’ लिहितो, आणि माहिती आलीच नाही तर ‘अहवाल अप्राप्त’. एक्सेलला मराठी शब्दांतली ही बारीक छटा कळत नाही. रेघेत ते दोघांनाही शून्यावर आणून आपटते. त्यामुळे ज्या महसूल मंडळात पाऊस पडला नाही ते आणि ज्या मंडळात पाऊस मोजायला कोणी गेले नाही ते, दोन्ही सारखेच कोरडे दिसतात. तिसरा घोळ नावाचा. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. माणसाला कळते की जिल्हा तोच आहे. तक्त्याला कळत नाही. त्याच्या लेखी एक जिल्हा २०२४ मध्ये अचानक संपला आणि दुसरा त्याच वर्षी पंचेचाळीस लाख लोकसंख्येसह जन्माला आला. ‘अकोले’च्या जागी कोणी ‘अकोला’ टाकले तर तो तालुका थेट विदर्भातच जाऊन पोचतो.

आता मुख्य प्रकरण, म्हणजे पाणी. दर पावसाळ्यात इथली वर्तमानपत्रे धरणांचा साठा छापतात आणि सकाळचा चहा त्यावर होतो. त्यातले आकडे बघा. भंडारदरा, १९२६ साली पुरे झालेले, क्षमता ११,०३९ दलघफू. निळवंडे ८,३२०. राहुरीजवळचे मुळा २६,०००. खाली पैठणला जायकवाडी, उपयुक्त साठा २,१७१. वाचक दचकला असेल, आणि दचकायलाच हवे. तो शेवटचा आकडा दलघमीत आहे. वरची मंडळी दशलक्ष घनफुटांत मोजतात, खालची दशलक्ष घनमीटरांत, आणि एका दलघमीत पस्तीसहून अधिक दलघफू मावतात. ‘फू’ आणि ‘मी’ या एका अक्षराकडे दुर्लक्ष करून दोन्ही रकाने एकाच आलेखात चिकटवले, तर भंडारदरा जायकवाडीच्या पाचपट मोठे दिसते. प्रत्यक्षात जायकवाडीचा नुसता मृतसाठा, म्हणजे जो सहसा हिशेबातच धरत नाहीत, तोच २६ टीएमसी, म्हणजे २६,००० दलघफू आहे. अख्ख्या मुळा धरणाएवढा. नगरचे एक मोठे धरण जायकवाडीच्या तळाच्या गाळाशेजारी निवांत झोपू शकते.

बरे, एकक सारखे केले तरी भांडण मिटते का? नाही, तिथूनच ते रंगात येते. समजा, पावसाळा संपताना भंडारदरा काठोकाठ भरले आहे आणि जायकवाडी चाळीस टक्के. टक्क्यांचा आलेख काढा. एकीकडे शंभरला टेकलेली रेघ, दुसरीकडे अर्ध्यालाही न पोचलेली. पैठणहून पाहणाऱ्याला वाटते की वरची मंडळी न्हाऊन निघाली आणि आम्ही तहानलेले. तोच साठा टीएमसीत काढा. भंडारदरा अकरा, जायकवाडी तिसाच्या वर. आता संगमनेर-राहात्याहून पाहणाऱ्याला वाटते की ज्याच्याकडे तिप्पट पाणी आहे तोच आमच्याकडे भांडे घेऊन आला आहे. एकच दिवस, एकच पाणी, तेच मोजमाप. डावीकडे टीएमसी लिहिले की एक पक्ष जिंकतो, उजवीकडे टक्के लिहिले की दुसरा. आणि दोघांना खूश करायला कोणी दोन्ही अक्ष एकाच आलेखात घातले, तर कोणती रेघ कोणत्या काठावरून वाचायची हे कळायला कालवा निरीक्षकाचीच मदत घ्यावी लागते.

कायद्याने या भांडणात अखेर एक आडवी रेघ मारली. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात समन्यायी वाटपाचे तत्त्व आले, २०१३ मध्ये मेंढेगिरी समितीचा अहवाल आला, आणि मग १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचे, असा हिशेब रूढ झाला. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर याच हिशेबाने नगर-नाशिकच्या धरणांतून ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला. आलेख वाचणाऱ्याने इथे दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली: ६५ टक्के म्हणजे सुमारे ५० टीएमसी, आणि भंडारदरा, निळवंडे, मुळा ही नगरची तिन्ही मोठी धरणे तुडुंब भरली तरी एकूण ४५. दुसरी: हा आकडा टीएमसीत न लिहिता टक्क्यांत लिहिला, यातच अर्धा निवाडा झाला. तो चुकीचा झाला असे नव्हे. मराठवाड्याचा माणूस म्हणेल, आणि रास्तपणे म्हणेल, की आमचे धरण मोठे आहे कारण त्यावर अवलंबून असलेली शेती, शहरे आणि कारखानेही तेवढे आहेत. मोठ्या कुटुंबाचे पातेले मोठेच असते, त्यातली तीस वाट्या आमटी बघून शेजाऱ्याने डोळे मोठे करू नयेत. हे मान्य. पण मग पातेले किती भरले हेही विचारू नका आणि वाट्या किती हेही विचारू नका. जेवणारे किती, ते विचारा. तो तिसरा अक्ष, आणि तो या भांडणातल्या कोणत्याच आलेखात नसतो. गंमत अशी की जायकवाडीच्या जलाशयाच्या, म्हणजे नाथसागराच्या फुगवट्याखाली गेलेल्या जमिनी शेवगाव आणि नेवासा तालुक्यांतल्याही आहेत. म्हणजे डावा अक्ष आणि उजवा अक्ष यांची हद्द जिल्ह्याच्या हद्दीवर नाही. ती या जिल्ह्याच्या अंगणातून जाते.

इतके ऐकल्यावर जाणकार आक्षेप घेईल की दुसरा अक्ष एवढा वाईट असेल तर पाऊस आणि विहिरीची पातळी यांचा संबंध दाखवायचा कसा? पाऊस मिलिमीटरांत, पातळी मीटरांत. एका पट्टीवर बसतीलच कशी? आक्षेप बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर नगर तालुक्यातच आहे. पोपटराव पवारांच्या हिवरे बाजारात पाऊस मोजतात, भूजलाचा अंदाज घेतात आणि पाण्याचा ताळेबंद मांडून त्यावर पिके ठरवतात. तिथे पाऊस आणि विहिरी दोन अक्षांवर शेजारी मांडल्या तर तो आलेख प्रामाणिक असतो, कारण गाव एक, पाणलोट एक, काळ एक, आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरून विहिरीत येते हा संबंध आलेखाने जुळवलेला नसून डोंगरउतारावरच्या चरांनी जुळवलेला आहे. तिथे आलेख पुरावा म्हणून येत नाही, आठवण म्हणून येतो. एवढे मात्र सांभाळावे की पातळी म्हणजे जमिनीपासूनची खोली असेल तर रेघ वर जाते तेव्हा पाणी खाली गेलेले असते. ही पट्टी उलटी करायला विसरलात तर भर उन्हाळ्यात गाव सुजलाम् सुफलाम् दिसेल.

याच्या उलट उदाहरण कांद्याचे. घोडेगाव किंवा नेप्तीच्या बाजारातली आवक डाव्या अक्षावर आणि भाव उजव्या अक्षावर घेतला, की दोन रेघा कुठेतरी एकमेकींना कापतातच, आणि सादरीकरण करणारा लेझरचा लाल ठिपका तिथे नेऊन आवाज खाली आणून म्हणतो, “इथे लक्षात घ्या.” लक्षात घ्यायला तिथे काही नाही. क्विंटल आणि रुपये एकमेकांना कापू शकत नाहीत. सासूबाईंचे वय आणि आंब्याचा भाव यांची गाठ पडावी तशी ती गाठ आहे, आणि उजवीकडची कमाल मर्यादा पाच हजारांची सहा हजार केली की ती दोन महिने पुढे सरकते. आवक वाढली की भाव उतरतो हे खरे, पण ते सांगायला कापणाऱ्या रेघा लागत नाहीत. शिवाय ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली ती दोन्ही रेघांपैकी कुठेच नसते. भाव पाडणारा हात आलेखाबाहेर आणि शिक्षा आवकेच्या रेघेला.

दोन रेघा बरोबर चालल्या म्हणजे त्यांचे काही नाते आहे, हा समजही जुना आहे. भंडारदरा धरण पुरे झाले त्याच १९२६ साली उडनी यूल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. १८६६ ते १९११ या काळातले इंग्लंडमधले मृत्यूचे प्रमाण आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीने होणाऱ्या लग्नांचे प्रमाण या दोन रेघा त्याने ताडून पाहिल्या. सहसंबंध निघाला ०.९५, म्हणजे जवळजवळ पूर्ण. चर्चमधली लग्ने कमी होत गेली तसे मरणारेही कमी होत गेले. यावरून लग्नाला लोकांनी धोकादायक व्यवसाय ठरवले असते, पण यूलने बजावले की काळाबरोबर एका दिशेने सरकणाऱ्या कोणत्याही दोन गोष्टी अशाच जुळतात. शिर्डीतल्या लॉजांच्या खोल्या आणि कोरडवाहू गावांतल्या बोअरची खोली वर्षानुवर्षे मोजली, तर त्याही अशाच गळ्यात गळा घालून चालतील. त्यावरून भक्ती वाढली की पाणी खोल जाते, असा निष्कर्ष काढू नये.

मग करायचे काय? पुस्तकी उपाय असा की सगळ्या रेघांना एका वर्षी शंभर धरायचे आणि पुढची चाल त्या मानाने दाखवायची. हे ऐकून काही लोकांना वाटते की ही काहीतरी परदेशी युक्ती आहे. वास्तविक हे शास्त्र आपल्या चावडीवर पूर्वापार आहे. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे धरून यंदाचे पीक किती आणे, ते ठरवायचे. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि पुढे आणेवारीची पैसेवारी झाली, शंभर पैसे म्हणजे पूर्ण पीक. बाजरी, तूर, कापूस, सगळे एका पट्टीवर आले. पन्नास पैशांच्या आत म्हणजे टंचाई, हे समजायला कोणाला संगणक लागला नाही. पण पैसेवारीच्या नशिबी जे वाद आले तेच शंभरच्या युक्तीच्याही नशिबी आहेत: पूर्ण पीक म्हणायचे कोणत्या वर्षीच्या पिकाला? डिसेंबर २०१८ मध्ये कांदा रुपया-दोन रुपये किलोने द्यावा लागत होता आणि डिसेंबर २०१९ मध्ये किरकोळ बाजारात त्याने शंभरी ओलांडली. पहिल्याला शंभर धरा, शेतकरी कायम मजेत. दुसऱ्याला शंभर धरा, शेतकरी कायम खड्ड्यात. मूळ वर्ष निवडणे हे लग्नाच्या मुहूर्तासारखे असते. आधी हॉल कोणत्या तारखेला मोकळा आहे ते बघतात आणि मग पंचांग उघडतात.

दुसरा उपाय चौदा तालुक्यांचे चौदा छोटे आलेख, एकाच पट्टीवर, शेजारी शेजारी काढण्याचा. शेवयांचा गोळा सुटून ताटात चौदा वाट्या येतात आणि रंगांची उसनवारी थांबते. इथेही अकोल्याच्या पश्चिमेचा पाऊस बाकीच्यांना दाबतोच, म्हणून काही जण प्रत्येक तालुका त्याच्या स्वतःच्या सरासरीशी ताडतात. ‘यंदा नेहमीपेक्षा कमी की जास्त’ हा प्रश्न असेल तर हेच योग्य. पण प्रश्न ‘टँकर किती लागतील’ हा असेल तर नेहमीच्या नव्वद टक्के पाऊस झाला हे ऐकून पाथर्डीच्या हंड्यात थेंबही पडत नाही. शेवटी पट्टी प्रश्न ठरवतो, आणि आपल्या बहुतेक आलेखांवर प्रश्न लिहिलेलाच नसतो. तिथे ‘तुलनात्मक आलेख’ असे लिहिलेले असते, म्हणजे दुकानाच्या पाटीवर नुसते ‘दुकान’ लिहावे तसे.

शेतकऱ्याला आलेख कळत नाहीत, तेव्हा एवढा काथ्याकूट कशाला, हा शेवटचा आक्षेप. तो खरा असता तर वाद सोपा झाला असता. लाभक्षेत्रातला माणूस टीएमसी विचारत नाही, टक्केही विचारत नाही. धरणाचा आकडा कानावर आला की त्याचा एकच प्रश्न असतो: रब्बीला किती आवर्तने आणि उन्हाळ्यात किती? त्याने साठ्याला गरजेने भागलेले असते. प्लेफेअरने जो भागाकार वाचकावर सोडला तो हा पारावर बसून, पेन न काढता करतो. कोणी म्हणेल, मुळेचे आवर्तन वेगळे, प्रवरेचे वेगळे, जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे आणखी वेगळे, त्यांची तुलना कशी? पण मजूर आणि गहूही वेगळेच होते. भंडारदऱ्याखाली तीन, मुळेखाली चार, पैठणखाली दोन, असे काही त्या आलेखात दिसले, तर कोणाचे किती पोट भरते ते दोन्हीकडच्यांना एकाच पट्टीवर वाचता येईल, आणि उजव्या अक्षाची गरजच पडणार नाही. असा आलेख काढायला एक्सेलची हरकत नाही. एक रकाना दुसऱ्याने भागायचा, एवढेच. अडचण पुढची आहे. तो पडद्यावर आला की कोणाकडे जास्त आणि कोणाकडे कमी हे पहिल्या मिनिटाला दिसेल, आढावा बैठक चहा यायच्या आत संपेल, आणि डावीकडचे व उजवीकडचे दोघेही विचारतील की हा काढायला कोणी सांगितला होता.